जुनं नेमकं कोण?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल, पोरांना आवडेल." मी म्हटलं, "मी व्याकरणावर बोलते." पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "बरं. पण पंधराच मिनिटं हं."

तर पंधरा मिनिटांत सांगते. विषय अगदी छोटा आहे. आपली मुलं कॉलेजात प्रकल्प अहवाल लिहितात, कुणी शोधनिबंध लिहितं, कुणी प्रबंध. हे सगळं इंग्रजीत. त्या इंग्रजीत नामाच्या आधी आपण शब्दांची जी उतरंड रचतो, त्या उतरंडीबद्दल मला बोलायचं आहे. ही उतरंड एकदा माझ्या अंगावर कोसळली होती. म्हणजे माझ्या अंगावर कोसळली असती तर चाललं असतं. ती दुसऱ्याच कुणाच्या अंगावर कोसळली.

सुरुवात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून करू. ग्रुपचं नाव 'ओल्ड स्कूल फ्रेंड्स, करमाळा'. परवा माझ्या मुलीनं ते वाचलं आणि विचारलं, "आई, तुमची शाळा जुनी की तुमची मैत्री जुनी?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "आणि 'ओल्ड-स्कूल' म्हणजे जुन्या वळणाची माणसं, तो अर्थ धरला तर?" मी म्हटलं, तोही धर, काही बिघडत नाही.

आता हेच मराठीत म्हणून बघा. 'जुन्या शाळेतले मित्र' म्हटलं की शाळा जुनी. 'शाळेतले जुने मित्र' म्हटलं की मित्र जुने. शब्द इकडचे तिकडे केले आणि 'जुने शाळेतले मित्र' म्हटलं, तरी 'जुने' हा शब्द शाळेला चिकटत नाही, तो उडी मारून मित्रांपाशीच जातो. कारण 'जुन्या' आणि 'जुने' ही रूपंच सांगतात की हे विशेषण कुणाचं. आपण हे आठवीत 'विशेषणाचे सामान्यरूप' म्हणून पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. इंग्रजीत 'ओल्ड' हे 'ओल्ड'च राहतं. शाळा असो, मित्र असो, एक असो, पन्नास असोत. त्याच्या अंगावर कुणाचंच नाव लिहिलेलं नसतं.

ही गोष्ट मला कळायला चाळिशी उजाडावी लागली. ती कशी कळली ते सांगते.

आपली दहावी १९९७ ची. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं, तोवर आपण शाळा सोडली होती. गणित, विज्ञान सगळं मराठीतून. त्वरण, संवेग, विद्युतधारा. अकरावीला विज्ञान शाखेत गेले तेव्हा पहिल्याच तासाला सर 'अॅक्सिलरेशन, अॅक्सिलरेशन' म्हणत होते, आणि तास संपता संपता मला उमगलं की अरे, हे तर आपलं त्वरण! अर्धा तास मी एका ओळखीच्या माणसाकडे अनोळखी म्हणून बघत होते.

इंजिनिअरिंगला गेल्यावर तर विचारू नका. वसतिगृहातल्या खोलीत चौघी, त्यातल्या तिघी इंग्रजी माध्यमाच्या. मला बोलायचीही धास्ती आणि लिहायचीही. वाक्य लिहायला घेतलं की 'अ' लावू की 'द'? 'इन' की 'ऑन' की 'ॲट'? क्रियापदाला 'एस' हवा की नको? मग मला एक युक्ती सापडली. नुसती नामं एकामागोमाग ठेवायची! 'द स्पीड ऑफ द मोटर' लिहायला गेलं तर चुकायला तीन जागा. 'मोटर स्पीड' लिहिलं तर चूक होणारच कुठे? माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचं नाव होतं, 'मायक्रोकंट्रोलर बेस्ड मोटर स्पीड कंट्रोल सिस्टिम डिझाइन'. सात शब्द आणि एकही 'ऑफ' नाही, एकही 'द' नाही. वर दिसायलाही केवढं विद्वान! मार्क चांगले पडले. तेव्हापासून ती सवय अंगी मुरली.

आणि मी एकटीच होते असं नाही. डग्लस बायबर आणि बेथनी ग्रे या दोन भाषा-अभ्यासकांचं शास्त्रीय लेखनाच्या इंग्रजीवरचं पुस्तक २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढलं. त्यांनी दाखवलं की शास्त्रीय इंग्रजीत नामापुढे नाम लावायची ही रीत विसाव्या शतकात खूप वाढली. आपल्याला वाटतं, शास्त्राचं लिखाण म्हणजे सगळं कसं स्पष्ट. त्यांचं म्हणणं उलट आहे. ते लिखाण आटोपशीर होतं, पण दोन शब्दांमधलं नातं त्यात लिहिलेलंच नसतं. ते वाचणाऱ्यानं आपल्या माहितीवरून भरायचं असतं. त्या विषयातला माणूस ते भरतो. बाहेरचा माणूस अडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचं भरतो आणि आपण चुकलो हे त्याला कळतही नाही.

काही वर्षांपूर्वी आमची कंपनी एका रुग्णालयाचं काम करत होती. दोन्हींची नावं सांगत नाही, गरजही नाही. रुग्णालयात वर्षानुवर्षांचे केसपेपर संगणकात साठले होते, त्यामुळे सगळं संथ चालायचं. ठरलं असं की दहा वर्षांत ज्या नोंदीला कुणी हात लावला नाही, ती उचलून वेगळ्या साठ्यात ठेवायची. काम चांगलं चाललं होतं, म्हणून तिथल्या एका डॉक्टरांबरोबर मी त्यावर एका परिषदेसाठी शोधनिबंध लिहायला घेतला. सहा पानांची मर्यादा. सहा पानांत बसवायचं म्हणजे 'ऑफ' आणि 'दॅट' यांनाच आधी कात्री. त्यात मी लिहिलं, 'ओल्ड पेशंट रेकॉर्ड' वेगळ्या साठ्यात हलवावं.

निबंध तपासणाऱ्यांचा शेरा आला. एका ओळीचा. 'जुनं नेमकं कोण? पेशंट की रेकॉर्ड?'

मला राग आला. खरं सांगते, फार राग आला. वाटलं, हा माणूस माझं इंग्रजी काढतोय. चाळिशी आली, एवढी वर्षं नोकरी झाली, तरी ती वसतिगृहातली मुलगी आत कुठेतरी बसलेलीच होती. मी तो शेरा बाजूला ठेवला. मनात म्हटलं, कुणालाही कळेल की रेकॉर्ड जुनं.

आणि निबंधातला तोच परिच्छेद मी कामाच्या सूचनेत जसाच्या तसा उतरवून सहकाऱ्याला पाठवला. आयतं, घासूनपुसून लिहिलेलं इंग्रजी होतं ना!

आता तुम्ही कुठल्याही सरकारी किंवा खाजगी दवाखान्याच्या खिडकीवर उभे राहा. पहिला प्रश्न काय असतो? "नवीन पेशंट का जुना?" जुना पेशंट म्हणजे आधी येऊन गेलेला. तोच प्रश्न त्या रुग्णालयाच्या संगणकातही होता, प्रत्येक पेशंटच्या नावापुढे, नवा की जुना. माझ्या सहकाऱ्यानं 'ओल्ड पेशंट रेकॉर्ड' वाचलं आणि जे लिहिलं होतं तेच केलं. जुन्या पेशंटचं रेकॉर्ड हलवलं. चाचणीसाठी घेतलेल्या मोजक्या नोंदींमध्ये ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रविवारी रात्री काम चाललं. सोमवारी सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडला.

मला फोन आला आणि मी धावत गेले. रांग दारापर्यंत होती. ज्यांचे वर्षानुवर्षांचे औषधोपचार सुरू होते, त्यांचाच पडदा कोरा. काही पुसलं गेलं नव्हतं, सगळं दुसऱ्या साठ्यात सुखरूप होतं, दुपारपर्यंत आम्ही ते परत आणलंही. पण दुपारपर्यंत. रांगेत एक आजी होत्या. साखर आणि रक्तदाब, दोन्ही. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? त्या म्हणाल्या, "एक पांढरी, एक गुलाबी, आणि एक अर्धी." एवढ्यावर कुठला डॉक्टर गोळी लिहून देईल? त्यांना थांबवलं. त्या उपाशीपोटी आलेल्या. मी खिडकीपाशी उभी होते, त्यांना वाटलं मी तिथलीच. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, माझं नाव काढलं का गं तुम्ही?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक 'नाही आजी, आहे, सापडतंय' असं काहीतरी. पण त्यांचं नाव काढलं होतं ते मीच. तीन शब्दांनी.

सहकाऱ्याची चूक नव्हती, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानं जे वाचलं ते तिथं लिहिलेलंच होतं.

मग घाईघाईनं निबंधात दुरुस्ती केली. 'ओल्ड'च्या जागी 'टेन-इयर-ओल्ड' घातलं. म्हटलं, आता तरी स्पष्ट झालं. पुन्हा शेरा आला: 'हे बालरोग विभागाचं काम आहे का?' दहा वर्षांच्या पेशंटचं रेकॉर्ड! या वेळी मात्र राग आला नाही. आधी हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस माझं इंग्रजी काढत नव्हता. तो त्या रुग्णालयाच्या खिडकीवर उभा राहून मला विचारत होता.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. आणि मला आपला मराठीचा तास आठवला.

आपल्या बाई आज इथे आहेत. बाई, तुम्हाला आठवत नसेल. सहामाहीत मी समासाच्या प्रश्नात 'मध्यमपदलोपी' असं नाव बरोबर लिहिलं होतं आणि तुम्ही अर्धा गुण कापला होता. शेजारी लाल शाईनं लिहिलं होतं, 'नाव बरोबर. विग्रह?' मी तुमच्याशी वाद घातला होता की नाव तर आलं ना! तुम्ही म्हणालात, "नाव कुणीही पाठ करेल. फोडून दाखव, म्हणजे मला कळेल की तुला कळलंय."

पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी. आपल्या सोलापूरकडची शेंगापोळी म्हणजे शेंगदाण्याचं सारण भरून केलेली पोळी. 'भरून केलेली' हे मधलं पद गेलं. आपल्याला ते माहीत आहे म्हणून चालतं. ज्यानं पुरणपोळी कधी पाहिलीच नाही, तो म्हणेल, पुरण आणि पोळी. तो ताटात दोन वाट्या शोधेल.

इंग्रजीतली ती नामांची उतरंड म्हणजे दुसरं काही नाही, आपला समास आहे. तोही बहुतेक वेळा मध्यमपदलोपी. 'ऑलिव्ह ऑइल' म्हणजे ऑलिव्हपासून काढलेलं तेल आणि 'बेबी ऑइल' म्हणजे बाळासाठीचं तेल. मधलं 'पासून' आणि 'साठी' गळालं. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात मी जे शोधत होते, ते बाईंनी नववीत शिकवून ठेवलं होतं. फक्त ते इंग्रजीलाही लावायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. आम्ही मराठीचं मराठीच्या वहीत ठेवलं आणि इंग्रजीचं इंग्रजीच्या.

मग मी विग्रह केला. 'ओल्ड पेशंट रेकॉर्ड'. मराठीत मांडायला गेले तर पहिल्याच पावलाला भाषेनं मला अडवलं. 'जुन्या पेशंटचं रेकॉर्ड' म्हणू की 'पेशंटचं जुनं रेकॉर्ड'? 'जुन्या' की 'जुनं', एक काहीतरी निवडल्याशिवाय वाक्य पुढेच जाईना. इंग्रजीनं मला न निवडता पुढे जाऊ दिलं होतं. मराठीनं जाऊ दिलं नाही. शेवटी इंग्रजीत लिहिलं: 'पेशंट रेकॉर्ड्स दॅट हॅव नॉट बीन ओपन्ड फॉर टेन इयर्स'. दहा वर्षांत न उघडलेल्या नोंदी. तीन शब्दांचे दहा झाले. 'ओल्ड' हा शब्दच गेला, आणि त्याच्याबरोबर वादही गेला. मर्यादा सांभाळायला दुसरीकडची एक आकृती काढून टाकली.

आता मराठीचं कौतुक चाललंय म्हणून खोटं सांगणार नाही. मराठीही प्रत्येक वेळी वाचवत नाही. 'रेकॉर्ड'ऐवजी 'नोंदी' म्हटलं असतं तर 'जुन्या पेशंटच्या नोंदी' यात 'जुन्या' दोघांनाही लागू पडतं, आणि आपणही फसलो असतो. आणि आपली विद्वान मराठीसुद्धा तीच उतरंड रचते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली व्याकरण लिहिलं, त्याचं नाव 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण'. 'चे' जागच्या जागी. मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ चा, त्याचं नाव 'शास्त्रीय मराठी व्याकरण'. शास्त्रीय काय, मराठी की व्याकरण? आपल्याला ठाऊक आहे म्हणून अडत नाही. पण व्याकरणाच्याच पुस्तकाच्या नावात हा प्रश्न दडलेला बघून मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, आपण एकटे नाही.

संस्कृतवाल्यांना तर ही गोष्ट फार जुनी. पतंजलींच्या महाभाष्यात तिचा उल्लेख आहे. त्वष्ट्यानं इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला. मंत्रात शब्द होता 'इंद्रशत्रू'. शत्रू म्हणजे इथे मारणारा. स्वर शेवटच्या अक्षरावर दिला तर तत्पुरुष: इंद्राला मारणारा. स्वर पहिल्या अक्षरावर दिला तर बहुव्रीही: इंद्र ज्याला मारणार आहे तो. उच्चारात स्वर चुकला, समास बदलला, आणि जन्मलेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. शब्द तोच, अक्षरं तीच, पण विग्रह उलटा झाला.

इंग्रजीतही बोलताना हा स्वर असतो बरं का. 'इंग्लिश टीचर' म्हणताना जोर 'इंग्लिश'वर दिला तर इंग्रजी शिकवणारे, आपले सर. जोर 'टीचर'वर दिला तर इंग्लंडचा शिक्षक. बोलताना कळतं. लिहिलं की तो जोर कागदावर उतरत नाही. त्याची थोडी भरपाई इंग्रजीनं एका आडव्या रेघेनं केली आहे. तिला हायफन म्हणतात. आपण तिला शोभेची वस्तू समजतो.

तिची किंमत कळायला लांब जायला नको. देवीच्या माळावर जा. कमलाभवानीच्या देवळाजवळची ९६ पायऱ्यांची विहीर आपण सगळ्यांनी उतरलेली आहे, आणि घरी कळल्यावर मारही खाल्लेला आहे. हिचं इंग्रजी काय? 'नाइन्टी-सिक्स-स्टेप वेल'. तिन्ही शब्द रेघांनी बांधले की एक विहीर आणि ९६ पायऱ्या. आता पहिली रेघ काढा आणि 'वेल'चं 'वेल्स' करा. 'नाइन्टी सिक्स-स्टेप वेल्स'. झालं! सहा-सहा पायऱ्यांच्या ९० विहिरी! करमाळ्याचा पाणीप्रश्नच मिटला की.

या उदाहरणात आणखी एक गंमत आहे. आपण 'पायऱ्यांची' म्हणतो, अनेकवचन. म्हणून आपली मुलं इंग्रजीत 'स्टेप्स वेल' लिहितात. इंग्रजीत नामाआधी विशेषणासारखं उभं राहिलेलं नाम बहुधा एकवचनी राहतं. 'टेन-इयर प्लॅन', 'फाइव्ह-स्टार हॉटेल'. आणि ही रेघ नामाच्या आधी जितकी लागते तितकी नंतर लागत नाही. 'अ वेल-नोन मेथड' ला रेघ, पण 'द मेथड इज वेल नोन' ला नाही. 'हायली' सारखा 'ली'नं संपणारा शब्द आला, जसं 'हायली सेन्सिटिव्ह टेस्ट', तर तिथेही नाही. कारण 'ली' स्वतःच सांगते की मी पुढच्या विशेषणाची.

आपण मराठी माणसं यात जास्त का अडकतो, त्याला एक कारण आहे. मराठीत नामाबद्दलचं सगळं नामाच्या आधी येऊ शकतं, कितीही लांब. 'काल रात्री कंदरहून निघालेली, केळ्यांनी भरलेली, पुलावर बंद पडलेली गाडी'. सगळं आधी, गाडी शेवटी. आणि ऐकणारा अडत नाही, कारण निघालेली, भरलेली, बंद पडलेली, प्रत्येकीच्या शेवटी 'ई' आहे, ती सांगते की मी गाडीची. इंग्रजी लहान विशेषण आधी घेते आणि लांबलचक माहिती नामानंतर ठेवते: 'द ट्रक दॅट लेफ्ट कंदर लास्ट नाइट'. आपण मात्र आपल्या सवयीनं सगळं आधी ढकलतो, आणि तिथं तो 'ई' नसतो. दोर नसलेली मोळी डोक्यावर घेतल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी माझ्या भाचीनं तिच्या प्रकल्पाचं नाव पाठवलं. ती कृषी शाखेत शिकते. 'उजनी बॅकवॉटर बनाना फार्म सॉइल सॅलिनिटी मॅपिंग'. मी विचारलं, "शेवटचा शब्द कुठला?" "मॅपिंग." "कशाचं मॅपिंग?" "सॅलिनिटीचं." "कशाची सॅलिनिटी?" "मातीची." "कुठली माती?" "केळीच्या बागांची." "कुठल्या बागा?" "मावशी, उजनीच्या पाण्याकडेच्या!" मी म्हटलं, "आता तू मला जे सांगितलंस तेच लिही." तिनं लिहिलं, 'मॅपिंग सॉइल सॅलिनिटी इन बनाना फार्म्स अलाँग द उजनी बॅकवॉटर'. बघा, तिनं सगळंच फोडलं नाही. 'सॉइल सॅलिनिटी' जोडून ठेवलं, 'बनाना फार्म्स' जोडून ठेवलं. ते बरोबरच आहे. 'ब्लड प्रेशर'चं कुणी 'प्रेशर ऑफ द ब्लड' करत नाही. जो समास वाचणाऱ्याच्या तोंडी बसलेला आहे, तो फोडायचा नाही. आपण आज सकाळी घडवलेला असेल, तो फोडायचा.

एवढीच रीत आहे, मुलांनो. शेवटचं नाम शोधायचं, ते विशेष्य. तिथून मागे मागे येत विचारायचं: कुणाचं, कशाचं, कशासाठी, कशापासून? उत्तर मराठीत मोठ्यानं म्हणायचं. जिथं 'चा-ची-चे' लावताना जीभ अडखळेल, दोन उत्तरं येतील, तिथं इंग्रजीत 'ऑफ', 'फॉर', 'इन', 'दॅट' यांपैकी एक गळालेलं आहे. ते परत घालायचं. उतरंडीत तीनपेक्षा जास्त शब्द झाले की थांबून बघायचं. आणि लांब नाव पुन्हा पुन्हा लागणार असेल, तर पहिल्यांदा ते पूर्ण फोडून सांगायचं, मग खुशाल आखूड करायचं.

आज आपल्यातल्या बहुतेकांची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. माझीही आहे. त्याबद्दल मी इथे काही बोलणार नाही, ज्याचा त्याचा प्रश्न. पण गावातली जी मुलं अजून मराठीतून शिकून इंजिनिअरिंगला, कृषीला, फार्मसीला जातात, त्यांना मी वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलताना ऐकते: "मॅडम, आमचं मराठी माध्यम, त्यामुळे लिहिता येत नाही." त्यांना सांगा की विग्रह करता येत असेल तर अर्धं काम झालंय. हे सामान तुम्ही करमाळ्यातूनच घेऊन निघालेले आहात, फक्त पिशवी उघडून बघितलेली नाही. शाळेची परवानगी असेल तर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी इथे येऊन अशा मुलांचे अहवाल त्यांच्याबरोबर बसून बघीन. मुख्याध्यापक सरांशी सकाळीच बोलले आहे. त्यांनी वर्ग द्यायचं कबूल केलं आहे. पंखा चालू असलेला देऊ म्हणाले.

शेवटी बाईंसाठी. बाई, मी आता ऑफिसात नव्या मुलांचं लिखाण तपासते. त्यात बंगळूरची आहेत, चेन्नईची आहेत, दोन-तीन परदेशातली आहेत. जिथं नामांची उतरंड दिसते तिथं मी समासात इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहिते: 'विग्रह?' सुरुवातीला सगळे विचारायचे, हे काय? आता कुणी विचारत नाही. गेल्या महिन्यात तर मीच एका निरोपात चार नामं ओळीनं लिहिली होती, आणि आमच्या एका नव्या मुलीनं त्याखाली मलाच लिहून पाठवलं, 'विग्रह?'

अर्धा गुण कापला गेला, बाई. पण या वेळी वाद घातला नाही.